माइकवर आकडा कसा सांगायचा आणि शिवी कधी द्यायची

लोणंदच्या कांदा बाजारात मी एका आडतीवर दिवाणजी आहे. लिलावाचा पुकारा चालू असताना आकडा ऐकायचा, वहीत टिपायचा आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात पट्टी ठेवायची, हे माझं काम. आकडा चुकीचा ऐकला तर कुणाच्या तरी चार महिन्यांच्या कष्टाचा हिशोब चुकतो. त्यामुळं लिलावात कुणी कुणाची थट्टा करत नाही. लिलाव उरकला की मात्र चहाच्या गाड्यावर हमाल, व्यापारी, तोलणारे सगळे एकमेकांची अशी सालटी काढतात की नवख्या माणसाला वाटावं, आता हाणामारी होणार. मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये आमच्या स्क्वॉडची, म्हणजे चौघांच्या टोळीची, माइकवर बोलण्याची शिस्त मी तिथूनच उचलली आहे.

स्क्वॉड चौघांचा. मी, हिंजवडीत नोकरीला असलेला मामेभाऊ, वाशी मार्केटला माल टाकणारा इथलाच एक टेम्पोवाला मित्र आणि फलटणला कॉलेजात शिकणारी माझी भाची. आम्ही तिघं पब्जी मोबाइलपासून एकत्र आहोत. विमानातून उतरायचं, शस्त्रं गोळा करायची आणि शेवटपर्यंत जिवंत उरेल तो स्क्वॉड जिंकतो, असा हा गेम. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं त्यावर बंदी घातली, मग २ जुलै २०२१ ला त्याचाच भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय, आला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून निघाला आणि मे २०२३ मध्ये परतला. भाची त्यानंतर आली. गल्लीतली पोरं विचारतात, तुम्ही एवढं एकमेकांना बोलता तरी मॅच कशी काढता? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आकडा, कारण तो येत नसेल तर बाकी काही उपयोगाचं नाही. माइकवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "हितं हाय, हितं हाय!" चौघांच्या हातात चार फोन, चौघांची तोंडं चार दिशांना. 'हितं' म्हणजे कुणाचं हितं? 'उजवीकडं' हाही तसाच वाया गेलेला शब्द. माझी उजवी बाजू तुझी डावी असू शकते. हे दोन्ही शब्द आजपासून सोडा. स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी असते, तिच्यावर दर १५ अंशांना खूण असते. मुख्य आठ दिशांच्या जागी अक्षरं आणि मध्ये आकडे. तो आकडा सांगायचा.

इथं मराठीची एक अडचण आहे, ती आम्हाला बऱ्याच मॅच हरल्यावर कळली. पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. तिन्हींची सुरुवात एकच. गोळ्यांच्या आवाजात 'दोनशे पंच्या' एवढंच कानावर पडतं आणि माणूस भलतीकडं वळतो. म्हणून आम्ही एकेक अंक सुटा बोलतो. २८५ असेल तर 'दोन-आठ-पाच', १९५ असेल तर 'एक-नऊ-पाच'. पहिल्या आठवड्यात जिभेला वळण लागत नाही, मग आपोआप यायला लागतं.

आकड्याची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. चौघं एकाच कंपाउंडात असाल आणि शत्रू लांबच्या टेकडीवर असेल, तर एकच आकडा सगळ्यांना चालतो. तुमच्यातला एक जण दोनशे मीटर बाजूला दुसऱ्या घरात असेल तर त्याच्यासाठी तुमचा आकडा खोटा आहे. अशा वेळी तोंडाने काही सांगत बसू नका, नकाशावर खूण टाका.

बोलण्याचा क्रम ठरवून घ्या आणि तो मोडू नका. आमचा असा आहे: आकडा, आडोसा, किती जण, त्यांची अवस्था, आणि मी काय करतोय. "दोन-आठ-पाच, पांढऱ्या जीपमागं, दोघं, एक लो, मी स्मोक टाकतो." 'लो' म्हणजे मरायला टेकलेला, 'स्मोक' म्हणजे आडोशासाठी धुराचा गोळा. आकडा पहिला, कारण तो कानावर पडताच मान वळते आणि मान वळेपर्यंत बाकीचं ऐकून होतं. उलट्या क्रमानं सांगितलं की सोबती वाक्य संपायची वाट बघत उघड्यावर उभा राहतो. 'मी काय करतोय' हे शेवटचं लोक गाळतात, आणि मग दोघं एकाच वेळी स्मोक टाकतात नाहीतर चौघं एकाच दारातून घुसतात.

अंतर नजरेनं सांगू नका. एरँगल, म्हणजे पोचिंकी गाव आहे तो गेममधला नकाशा, ८ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. नकाशावर मोठा चौकोन १ किलोमीटरचा, आणि जवळ आणल्यावर दिसणारा छोटा १०० मीटरचा. मोजून सांगता येतं.

फर्स्ट एड, म्हणजे औषधाची पेटी, लावायला ६ सेकंद लागतात आणि तब्येत शंभरातली ७५ पर्यंतच भरते. पडलेल्याला उचलायला १० सेकंद. या वेळात तो माणूस तुमच्या कामाचा नसतो, हे बाकीच्यांना माहीत हवं. आमच्यात त्यासाठी दोनच शब्द आहेत, 'भरतोय' आणि 'झालं'. 'भरतोय' म्हटल्यावर 'झालं' येईपर्यंत त्याच्याकडून कुणी कव्हर मागत नाही. नॉक झालेल्यानं, म्हणजे पडलेल्या पण अजून जिवंत असलेल्यानं, एकदाच सांगायचं: कुठून लागलं, समोरच्याला आपण किती लावलं. बस. आणि पूर्ण मेलेल्यानं फक्त कान द्यायचा. मेलेला माणूस सगळ्यात जास्त बोलतो. त्याचे हात मोकळे असतात आणि मनात राग असतो. वर पावलं वाजली तर 'वर' म्हणावं, जिन्यात वाजली तर 'जिना'. जिवंत माणसानं काय करायला हवं होतं, हे मॅच संपल्यावर.

आता शिव्या.

आमच्याच खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हातवारे, वाजंत्री, नुसता कालवा. त्याला बोरीचा बार म्हणतात. लहानपणी मी आईचा पदर धरून तो पाहिला आणि घाबरलो होतो. मोठेपणी परत पाहिला तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. मध्ये ओढा असतो. आणि त्याला वेळ असते. तो ठरल्या दिवशी सुरू होतो आणि त्याच दिवशी संपतो. माइकवर शिव्या देणाऱ्यांनी एवढं जरी सांभाळलं तरी पुष्कळ.

आमच्याकडं ओढा म्हणजे मॅचमधली कृती. शिवी तिला लागली पाहिजे, माणसाला नाही. आई-बहिणीवरून शिवी आमच्या माइकवर चालत नाही. भाची आली म्हणून हा नियम झाला असं पुष्कळांना वाटतं, पण तो तिच्या आधीचा आहे. ती शिवी चुकलेल्यालाही तीच आणि जिंकलेल्यालाही तीच. ती ऐकून कुणाला कळत नाही की नेमकं काय चुकलं. चांगली शिवी ऐकताच पुढच्या वेळी काय करायचं नाही ते समजतं.

मामेभावाचं उदाहरण घ्या. तो प्रत्येक घरात शिरून शेवटची बँडेजपट्टीसुद्धा उचलतो आणि निळा झोन, म्हणजे आकसत येणारी जीवघेणी हद्द, पाठीशी येईपर्यंत हलत नाही. त्याचं नाव भंगारवाला. "ए भंगारवाल्या, किलोवर इकणार हाईस का? झोन आला!" यात थट्टा आहे, झोन आल्याची खबर आहे आणि 'निघ' हा हुकूमही आहे. एका दमात तीन कामं.

टेम्पोवाला मित्र गाडी फार सुंदर चालवतो, पण समोर कोण आहे ते बघत नाही. एकदा मिलिटरी बेसच्या बेटावरून पुलानं येताना पलीकडं लोक दबा धरून बसले होते, भाचीनं आकडा सांगितला होता, तरी यानं जीप सरळ दामटली. चौघंही पुलावर संपलो. तेव्हापासून तो वडापवाला. आमच्याकडं जीपमध्ये माणसं कोंबून नेतात, त्याला वडाप म्हणतात. आता पूल दिसला की कुणीतरी म्हणतं, "वडाप, स्टॉप हाय!" आणि तो गाडी अलीकडं थांबवतो. मला वाटतं हा शब्द आमच्या सगळ्या डावपेचांपेक्षा जास्त वेळा कामी आला आहे.

भाची लांबून नेम धरते आणि दुसऱ्यानं अर्धमेला केलेला माणूस शेवटच्या गोळीनं टिपते. आयत्या बिळावर नागोबा. म्हणून ती नागोबा, आणि ते नाव तिला आवडतं. मी सुरुवातीला फार लांबण लावून सांगायचो, म्हणून मला बुवा म्हणत. ते बरोबर होतं. मी वाक्यं तोडली, तेव्हा ते नाव गळून पडलं. शिवी खरी असेल तर तिला असं संपताही आलं पाहिजे. सुधारलेल्या माणसाला जुन्या नावानं हाक मारणं म्हणजे त्याची मेहनत न बघणं.

नात्याचा मान सुटता कामा नये, आणि मान ठेवून दिलेली शिवी जास्त लागते, हे मी भाचीकडून शिकलो. ती मला कधी अरे-तुरे करत नाही. मी अख्खं मॅगझिन एका झुडपावर रिकामं केलं की ती शांतपणे विचारते, "मामा, त्या झाडानं तुमचं काय घेतलंय?" मामेभाऊ ओरडून मला जे कधी पटवू शकला नाही, ते या एका प्रश्नानं पटतं. मी तिला 'अगं भवाने' म्हणतो, माझी आजी म्हणायची तसं. हेच मी अनोळखी मुलीला म्हणणार नाही. शब्द तोच असला तरी त्यामागचं घर तिथं नसतं.

वेळेचं सांगायचं तर विमानात असताना, लूट करताना, गाडीत आणि मॅचनंतर मनसोक्त बोला. पहिली गोळी वाजली की फक्त आकडा. कुणी चुकलं तर त्याच मॅचमध्ये एकदाच बोला, पुढच्या मॅचमध्ये तीच चूक उगाळू नका. आणि बोललात तर सोबत काहीतरी द्या. मी भंगारवाल्याला झापतो तेव्हा माझ्याकडचं एक एनर्जी ड्रिंक त्याच्या पायाशी टाकतो. नुसते शब्द आले तर माणूस गप्प होतो. वस्तू मिळाली की त्याला कळतं, आपण अजून यांच्यातलेच आहोत. मला भीती शिवीची वाटत नाही, माइक बंद झाल्याची वाटते. हिरमुसलेला सोबती जिवंत असला तरी स्क्वॉड तिघांचाच होतो.

अनोळखी लोकांशी, म्हणजे विमानात बसण्याआधी सगळ्यांना ऐकू जातं त्या माइकवर, आम्ही काहीच बोलत नाही. पलीकडं बारा वर्षांचं पोर आहे की पन्नाशीचा माणूस, कळत नाही. एकटी खेळायला बसली आणि तिघं अनोळखी वाट्याला आले, की भाचीला मुलीचा आवाज ऐकून नको ते ऐकावं लागतं. तिचा उपाय असा: उतरल्याबरोबर, कुणी काही विचारायच्या आत, "एक-दोन-शून्य, दुमजली घर, एक स्क्वॉड उतरला, मी गच्ची घेते." दोन असे आकडे खरे निघाले की बहुतेक जण निमूट तिच्या मागून चालतात. जे तरी घाण बोलतात त्यांना ती म्यूट करते, तक्रार नोंदवते आणि खेळत राहते. उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. पावसाळ्यात एका रात्री वडापवाल्यानं जीप नदीत घातली. मी रागात होतो. म्हणालो, "तुला टेम्पो टिकवता येईना, जीप काय टिकवणार?" त्याच आठवड्यात हप्ते थकले म्हणून त्याचा टेम्पो ओढून नेला होता. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते तोंडात आलं. माइकवर कुणी काही बोललं नाही. तो मॅच संपेपर्यंत खेळला, आकडे बरोबर देत राहिला, आणि नंतर २३ दिवस आला नाही.

मी ओढा ओलांडून पलीकडं गेलो होतो. मेसेज टाकून भागणार नव्हतं, म्हणून चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला. तो समोर बसला होता. मी म्हणालो, "चुकलं माझं. ते गेमातलं नव्हतं." त्यानं मान हलवली आणि कांद्याचा भाव विचारला. तुमच्या हातून असं झालं तर एकदाच जा, एकदाच बोला आणि परत ये म्हणून मागं लागू नका. त्या दिवसांत आम्ही तिघंच खेळलो, चौथी जागा रिकामी ठेवून. 'वडाप' हा शब्द आम्ही कुणीच काढला नाही. पूल आला की भाची नुसतं "मामा, थांबा" म्हणायची.

चोविसाव्या रात्री दहा वाजून गेल्यावर लॉबीत त्याचं नाव हिरवं झालं. मी बोलावणं धाडलं. विमान सुटेपर्यंत कुणाच्या तोंडून शब्द निघेना. मग त्याचा माइक उघडला.

"दिवाणजी, पोचिंकी, पोचिंकी! एकच शीट ऱ्हायलंय, बसताय का?"