जुना रोटावेटर, ट्रॅक्टर, मोबाईल ऑनलाइन घेता-विकताना या चुका टाळा

काकानं मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर जुना रोटावेटर विकायला टाकला, फोटो मीच काढले, जाहिरातही मीच टाकली, किंमत ४५ हजार. अर्ध्या तासात फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता, आर्मीत आहे म्हणे, गावाकडच्या भावासाठी घ्यायचा आहे, पैसे आत्ताच टाकतो, गाडी उद्या येईल. आधी त्यानं खरंच २ रुपये पाठवले आणि मग एक क्यूआर कोड पाठवला, हा स्कॅन करा की इसार जमा होईल.

काका तेव्हा धुऱ्यावर उभा, चष्मा घरी, उन्हात स्क्रीन धड दिसत नाही. स्कॅन केला, पिन टाकला, ९ हजार गेले. त्यानं लगेच फोन केला, चुकून झालं काका, परत तोच कोड मारा, दोन्ही पैसे वापस येतात. काकानं परत मारला. १८ हजार.

म्हणून पहिली गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आईला, बाबांना, सालदाराला पण: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, ओटीपी लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार, समोरचा काही का सांगेना. तो घाई करत असेल तर फोन ठेवून द्या.

काका नंतर म्हणाला, "त्यानं एक रुपया कमी करा म्हटलं नाही रे, तवाच समजायला पायजे होतं." एकदम बरोबर आहे. आपल्याकडं कोणी बैल घ्यायला आला तर दात पाहतो, चालवून पाहतो, मग भाव पाडतो. वस्तू न पाहता, भाव न करता जो पैसे टाकायला निघतो त्याला तुमची वस्तू नकोच आहे. आर्मीचं ओळखपत्र, कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नका, ते फोटो कोणाचेही असू शकतात.

दुसरी चूक मेसेजवर विश्वास ठेवायची. २ हजार पाठवायचे होते, चुकून २० हजार गेले, बाकीचे वापस करा भाऊ, दवाखान्यात आहे, असं रडून सांगतात आणि जमा झाल्याचा मेसेजही दिसतो. तो मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो, बँकेचा तसा येत नाही. स्क्रीनशॉट तर कोणीही बनवतो. आपल्या ॲपमध्ये बॅलन्स पाहा, नाहीतर बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. खरंच जास्त पैसे आले असतील तर बँकेला सांगा, तो देईल त्या नंबरवर स्वतःच्या मनानं टाकू नका.

घेताना फसवणूक अजून मोठी होते, कारण स्वस्त ट्रॅक्टर पाहिला की माणूस हुरळतो. फोटोत चकाचक गाडी, किंमत बाजारापेक्षा निम्मी. आधी ५ हजार टोकन, मग ट्रान्सपोर्ट, मग गेटपास, मग जीएसटी, दर वेळी हे रिफंड होतील असं सांगतात आणि आधीचे अडकलेत म्हणून आपण पुढचे टाकत जातो. गाडी डोळ्यानं पाहिल्याशिवाय इसार द्यायचाच नाही. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा, चेसिस नंबर आरसीशी जुळतो का ते गाडीवरच वाचा, मळ असेल तर पुसून वाचा. फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि फॉर्म २९, ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) विकणाऱ्याची सही घ्या. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी नावावर होत नाही.

जुना मोबाईल घेत असाल तर *#06# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, येईल. केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 ला एसएमएस करा (केवायएम इंग्रजीत लिहायचं). ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर घेऊ नका, चोरीचा फोन गळ्यात पडेल.

वस्तूचे फोटो म्हणून कोणी एपीके फाईल (ॲप टाकायची फाईल) पाठवली तर उघडूच नका, आणि स्क्रीन शेअरचं ॲप तर अजिबात टाकू नका.

आणि फसलाच तर लपवू नका. काकानं लाजेनं चार दिवस कोणाला सांगितलं नाही, काकूलाही नाही, तोवर पैसे पुढच्या खात्यातून निघून गेले होते. तेव्हाच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला असता तर रक्कम तिथंच थांबवता येण्याची आशा होती. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर (ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो), तारीख-वेळ, समोरच्याचा नंबर जवळ ठेवा, चॅट डिलीट करू नका, मग बँकेतही लेखी द्या.

तक्रारीनंतर काकाला अजून एक फोन आला, तुमचे १८ हजार काढून देतो, फाईल चार्ज ५०० रुपये. असे फोन फसलेल्या माणसाला हमखास येतात. काकू बाजूलाच बसून कापूस निवडत होती, तिनंच फोन हातातून घेतला, कट केला आणि नंबर ब्लॉक करायला माझ्याकडं दिला.