सात मिनिटांचं भाषण आणि एक लोखंडी टेबल

चवथीच्या आगेमागे शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा सुरू झाल्या की गोव्यात म्हार्दोळला आमच्या सोप्यावर कुणा ना कुणाची आई येऊन बसते. "टीचर, विषय आलाय. तेवढं भाषण लिहून द्या." मी निवृत्त झाले तरी हे काही सुटलेलं नाही. पण भाषण मी लिहून देत नाही. पूर्वी देत असे. एका तालुका स्पर्धेत माझी विद्यार्थिनी "अशा या थोर, तेजस्वी, ओजस्वी" इथवर आली आणि पुढचं विशेषण आठवेना म्हणून गप्प उभी राहिली. वर पंखा खडखडत होता, परीक्षक घड्याळ बघत होते. ती खाली येऊन रडली, पण चूक माझी होती. तेव्हापासून मुलांकडूनच भाषण कसं करून घ्यायचं याची एक पद्धत मी बसवली आहे. गेल्या खेपेला विषय होता "निर्वासित ते मुत्सद्दी", मुलगी सातवीतली. आम्ही अमेरिकेची पहिली महिला परराष्ट्रमंत्री मॅडेलीन ऑलब्राइट निवडली. तीच तयारी इथे सांगते. माणूस बदला, पद्धत तीच.

आधी विषयातले शब्द मुलाला कळलेत का ते बघा. मी विचारलं, मुत्सद्दी म्हणजे कोण? म्हणाली, नाना फडणवीस. बरोबरच होतं. निर्वासित म्हणजे? "टीव्हीवर तंबूत दाखवतात ते." इथे मात्र थांबावं लागलं. तिला घेऊन महालसेच्या देवळात गेले आणि विचारलं, ही देवी मूळची कुठली? वेर्ण्याची. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, देवळं मोडायला घेतली तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आमच्या या फोंडा भागात, आणल्या. आपण ज्यांना आपलं ग्रामदैवत म्हणतो तेच मुळी परागंदा होऊन आलेले. पोर थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे आपण पण?" हा प्रश्न विचारून झाल्याशिवाय कागद हातात घेऊ देऊ नका.

मग माहिती. ती गोळा करताना मुलं इंटरनेटवरून जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू असं उतरवून आणतात. आणू द्यात, पण ते भाषण नव्हे. त्यातून एकेका वर्षाला एकेक वस्तू जोडायला सांगा. आमच्या वहीत डाव्या बाजूला साल, उजव्या बाजूला वस्तू. वस्तू सापडली नाही तर ते साल भाषणात फार तर एका वाक्यात घ्यायचं.

पहिली ओळ सोपी गेली. १५ मे १९३७, प्राग. मारी याना कोर्बेलोवा, हे तिचं जन्माचं नाव. वडील योसेफ कोर्बेल चेकोस्लोव्हाकियाच्या परराष्ट्र खात्यात. मार्च १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि दहा दिवसांत हे कुटुंब बाहेर पडलं. मुलगी पावणेदोन वर्षांची. इथे वस्तू नाही, म्हणून हे एका वाक्यात उरकलं.

१९४०च्या पुढे मात्र लोखंडी टेबल आहे. इंग्लंडमध्ये बॉम्बहल्ल्यांपासून वाचायला घरोघरी पोलादी टेबलं मिळत, घर कोसळलं तरी खाली माणूस जगावा म्हणून. कोर्बेलांचं जेवण त्याच्यावर आणि झोप त्याच्याखाली. हे सांगितल्यावर मी मुलीला आमच्या जेवणाच्या टेबलाखाली बसवलं. दहा मिनिटं. वरून मी पातेली आपटली. आमच्या ह्यांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, "टीचर, खालून फक्त पाय दिसतात." बस, हेच भाषणाचं पहिलं वाक्य झालं: "त्या मुलीला युद्ध दिसलं ते टेबलाखालून, आणि तिथून फक्त पाय दिसतात." मी सात जन्मांत लिहिलं नसतं. तुमच्या मुलाच्या विषयात असं टेबल शोधा. ते मिळेपर्यंत सुरुवात लिहू नका. "आदरणीय व्यासपीठ" तेवढं लवकर आटपा.

दुसरी वस्तू ऐकणाऱ्याला जवळ ओढणारी हवी. परदेशी माणसाबद्दल बोलताना दुसऱ्या मिनिटाला सभागृहाचं लक्ष उडतं. तिथे आपल्या मुलखाशी जोडणारा खरा धागा ठेवा. ओढूनताणून आणलेला परीक्षक लगेच ओळखतात. आम्हाला तो काश्मीरमध्ये सापडला. युद्ध संपल्यावर कुटुंब मायदेशी परतलं, वडील बेलग्रेडला राजदूत झाले, मुलगी स्वित्झर्लंडच्या शाळेत गेली आणि तिथे तिची मॅडेलीन झाली. पण फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. वडिलांची नेमणूक तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या भारत-पाकिस्तान आयोगावर झाली होती, तोच तो काश्मीरचा आयोग. त्या कामाच्या निमित्ताने कुटुंब देशाबाहेर पडू शकलं. ११ नोव्हेंबर १९४८ला अकरा वर्षांची मॅडेलीन बोटीने न्यूयॉर्कला उतरली. पुढच्या वर्षी त्यांना अमेरिकेत आश्रय मिळाला. काश्मीरचं नाव आलं की सभागृहातले मागचे लोकसुद्धा मान वर करतात, हे मी स्वतः पाहिलंय. (त्या वर्षी गोव्यात अजून पाखल्यांचंच राज्य होतं, ते जायला तेरा वर्षं होती. हे वाक्य आम्ही घातलं होतं, वेळेपायी काढलं. मला अजून हळहळ वाटते.)

मधला काळ भरभर न्या. डेन्व्हर, वेलस्ली कॉलेज, लग्न. १९६१ साली जुळ्या मुली वेळेआधी जन्मल्या आणि काचेच्या पेटीत ठेवाव्या लागल्या. आईला त्यांना उचलून घेता येईना, तेव्हा मन गुंतवायला ती रशियन शिकू लागली. ही गोष्ट बायकांना लागते, अर्धं मिनिट द्या. कोलंबियाची डॉक्टरेट आणि अमेरिकी सिनेटर मस्कींच्या कार्यालयातलं काम दोन्ही १९७६चं. तेव्हा ती ३९ची होती. त्यावर पालकांनी "बघ, चिकाटी" वगैरे सुरू करू नये.

आता नेतृत्व. इथे बहुतेक भाषणं पडतात, कारण पदांची यादी सुरू होते. १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांत राजदूत, जानेवारी १९९७ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली आणि ती अमेरिकेची पहिली महिला परराष्ट्रमंत्री झाली. एवढं एका श्वासात. मग ती काम कसं करत असे, ते एका प्रसंगातून दाखवा. आम्ही दोन प्रसंग घेतले. एक हलका: इराकच्या सरकारी वृत्तपत्राने तिला साप म्हटलं, तर पुढच्या वेळी इराकी अधिकाऱ्यांना भेटायला ती कोटावर सोन्याच्या सापाची पिन लावून गेली. तिथून सवयच पडली. ज्या दिवशी जशी बोलणी, तशी पिन. परराष्ट्र खात्यात रशियनांनी चोरून ऐकायचं यंत्र बसवल्याचं उघड झालं, तेव्हा रशियनांच्या भेटीला किड्याची पिन (इंग्रजीत दोन्हीला 'बग'च म्हणतात).

दुसरा जड: ऑगस्ट १९९५. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले होते. तिने सुरक्षा परिषदेत आकाशातून घेतलेले फोटो मांडले, ताजी उकरलेली जमीन दिसणारे. मी मुलीला सांगितलं, इथे आवाज चढवायचा नाही. हात मागे. "तिने फोटो टेबलावर ठेवले," एवढं म्हणून मनात तीनपर्यंत मोजायचं. टेबल पुन्हा आलं, ते ऐकणाऱ्यांना आपोआप कळतं. "बघा, पुन्हा टेबल" असं सांगायला जाल तर सगळं गेलं.

पुढची पायरी पालकांना आवडत नाही. माणसाची चूक भाषणात घ्या. १९९४ मध्ये रवांडात लाखो लोक कापले जात असताना सुरक्षा परिषदेने तिथलं शांतिसैन्य कमी केलं, आणि अमेरिकेच्या खुर्चीत हीच बसली होती. पुढे तिनेच याचा सगळ्यात मोठा पश्चात्ताप असल्याचं सांगितलं. १९९६ मध्ये टीव्हीवर तिला विचारलं गेलं: संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच लाख मुलं मेली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? ती योग्य असल्याचं म्हणाली. तो आकडा नंतर वादग्रस्त ठरला, आणि असं बोलणं ही आपली चूक होती हे तिनेही कबूल केलं, पण शब्द निघून गेला होता.

मुलीची आई म्हणाली, हे काढा, मार्क जातील. मी म्हटलं, तिच्या आजोबांना विचारू. आजो कुवेतला होते. ऑगस्ट १९९०मध्ये इराकच्या सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा सगळं टाकून, वाळवंटातून अम्मान गाठून, विमानाने परतलेल्या लाखावर भारतीयांतले एक. एक बॅग आणि कॅसेट प्लेअर, एवढंच आलं होतं. ते सोप्यावर सुपारी कातरत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सद्दामाक आवरपाकच जाय आशिल्लो. पूण भुरग्यांनी कितें केल्लें?" (सद्दामला आवरायलाच हवं होतं. पण मुलांनी काय केलं होतं?) मुलीने ते वाक्य जसंच्या तसं कोंकणीत भाषणात ठेवलं. मराठी स्पर्धेत कोंकणी चालेल का, यावर घरात दोन दिवस वाद. मी म्हटलं, आजोंचं बोलणं आहे, ते आजोंच्याच भाषेत राहू दे.

आता मोजमाप. माझी मुलं मिनिटाला शंभरेक शब्द बोलतात, म्हणजे सात मिनिटांना सातशे. पण लिहा सहाशेच. थांबे धरावे लागतात. पाठ करताना वाक्यं नव्हे, वस्तूंचा क्रम पाठ करायचा: टेबल, काश्मीर, काचेची पेटी, साप, फोटो, आजो, भिंत. सात बोटं दुमडायची. मधेच विसरलं तर पुढचं बोट. आणि परकी नावं आधी तोंडात बसवा. "मॅडेलीन ऑलब्राइट" आमच्याकडे आठवडाभर दूध आणतानाही चाललं होतं. शेजारणीला वाटलं नवीन सून येतेय.

शेवटी भिंत. परराष्ट्रमंत्री झाल्यावर, वयाच्या ५९व्या वर्षी, एका पत्रकाराच्या शोधातून तिला कळलं की आपलं घराणं ज्यू होतं आणि आजी-आजोबांपैकी तिघं नाझींच्या छळात गेले. आईवडिलांनी कॅथलिक धर्म घेतला होता आणि मुलांना कधी सांगितलं नव्हतं. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर अशा सुमारे ८० हजार माणसांची नावं रंगवलेली आहेत. त्या भिंतींसमोर ती एक वर्ष आधी उभी राहून गेली होती, पण नावं शोधायची हे तिला माहीत नव्हतं. जुलै १९९७ मध्ये ती परत गेली आणि शोधली: आर्नोश्ट आणि ओल्गा कोर्बेल.

नावं घेऊन झाली की भाषण संपवा. "म्हणून मित्रहो" नको, सुविचार नको, कविता तर मुळीच नको. आमच्या पोरीने ती दोन नावं घेतली, धन्यवाद म्हटलं आणि बसली. घंटेला अजून अकरा सेकंद होते. नंबर दुसरा आला. कोंकणी वाक्याचा एक मार्क कापल्याचं एका परीक्षकांनी सांगितलं. परतताना बसमध्ये तिने आजोंना फोन लावला आणि तो मार्क त्यांच्या नावावर लिहिला.