दुचाकीच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा: आधी मीटर, मग खरेदी

मोटरसायकलचा दिवा मंदावला की बॅटरी बदलायची, इंडिकेटर लागेनासा झाला की त्याला लुकलुकवणारा फ्लॅशर बदलायचा आणि तरीही जमले नाही तर सगळी वायरिंगच नवी टाकायची, हा क्रम आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की सुटे भाग विकत घेणे म्हणजेच दुरुस्ती, असे नवशिक्यांना वाटू लागले आहे. व्होल्टेज मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. तो घेण्याचा कंटाळा करणारे लोक वर्षाला एक बॅटरी मात्र आनंदाने घेतात, हे मला आजवर उलगडलेले नाही.

गोव्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. बॅटरीच्या ऋण टोकापासून निघणारी वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टोकाच्या रिंगमधून एका बोल्टने जोडलेली असते आणि दिवे, हॉर्न, इंडिकेटर यांचा परतीचा प्रवाह त्याच वाटेने जातो. जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांमुळे त्या रिंगखाली गंज धरतो आणि तांब्याच्या तारा हिरव्या पडतात. वाट अडली की ब्रेक दाबताच हेडलाइट मंदावणे, इंडिकेटरच्या तालावर स्पीडोमीटरचा दिवा लुकलुकणे, हॉर्नचा आवाज बसणे, अशी एकमेकांशी संबंध नसलेली वाटणारी लक्षणे एकाच वेळी दिसू लागतात. अशी सरमिसळ दिसली की मी दुसरीकडे कुठे पाहण्याआधी अर्थिंगच पाहतो.

म्हापशाच्या एका पायलटची, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्याची, गाडी माझ्याकडे आली, तोवर तिच्यात दोन नव्या बॅटऱ्या, चार्जिंगचे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा एक रेक्टिफायर आणि एक फ्लॅशर बसवून झाले होते, आणि आता हेडलाइटचा होल्डर बदला, असा सल्ला त्याला मिळाला होता. हेडलाइट बॅटरीवर चालणारा होता. बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे तिचा काहीच दोष नव्हता. सगळे दिवे लावून मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन होल्डरच्या अर्थिंगच्या वायरवर ठेवली, तेव्हा जिथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा तिथे जवळजवळ तीन व्होल्ट दिसले. हे तीन व्होल्ट बल्बला मिळतच नव्हते. टाकी उतरवल्यावर कारण समोर आले: चवथीआधी चासी रंगवून घेतली होती आणि अर्थिंगची रिंग त्या ताज्या रंगावरच आवळली होती. प्रवाह जेमतेम बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि आट्यांना गंज चढला तसा तोही रोडावला. सँडपेपरने रंग खरवडला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. एकही सुटा भाग लागला नाही. काढून टाकलेल्या दोन्ही बॅटऱ्या त्याने भंगारात दिल्या होत्या, याचे मात्र मला त्याच्याहून अधिक वाईट वाटले.

यातली मेख अशी की दिवे बंद ठेवून मोजले असते तर मीटरने सगळे ठीक असल्याचे सांगितले असते. प्रवाह वाहत नसताना खराब जोडही चांगला भासतो, म्हणून भार चालू ठेवूनच मोजावे. सुमारे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर जोड उघडून साफ करावा. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर हॅलोजन बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो, तेव्हा एका व्होल्टलाही क्षुल्लक समजू नये.

दुसरी चीड आणणारी चूक फ्यूजची. फ्यूज उडाला की तिथे मोठा फ्यूज घालणारे आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक फ्यूज वाचवतात आणि वायरिंग जाळतात. दहा अँपिअरच्या फ्यूजमागची वायर तेवढ्याच हिशेबाने घातलेली असते. वीसचा फ्यूज घातला तर आधी वायर वितळेल, आणि ती नेमकी पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मी त्याच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडतो, त्या फ्यूजवरचे दिवे कपलर (वायरी जोडणारे प्लग) काढून वेगळे करतो आणि चावी लावतो. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण पेटतो, आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नसल्याने काही जळत नाही. मग हँडल सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवत जावे. ज्या क्षणी बल्ब विझेल तिथेच वायर घासलेली असते, आणि बहुतेक वेळा ती हँडलखालच्या मानेपाशीच सापडते. याला वेळ लागतो. घाई असणाऱ्यांनी गाडी दुसऱ्याकडे न्यावी.

वारंवार बल्ब उडत असतील तर स्वस्त बल्बला दोष देण्याआधी रेस वाढवून बॅटरीवरचे व्होल्टेज पाहावे. ते साधारण १३.५ ते १४.५ असावे, आणि पंधराच्या वर गेले तर रेक्टिफायर गेला आहे असे समजावे. जुन्या लहान गाड्यांपैकी अनेकींचा हेडलाइट बॅटरीऐवजी थेट इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलवर चालतो आणि रेस कमी केली की मंदावणारच. त्यासाठी बॅटरी बदलणे व्यर्थ आहे.

१ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली त्याची वायर कापून स्विच बसवणाऱ्यांनी तो कापलेला जोडच पुढे पावसात कुजतो, एवढे ध्यानात घ्यावे. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे. सेल्फ लागत नसेल तर गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेण्याआधी हँडलवरचा इंजिन बंद करणारा लाल स्विच चुकून दाबला गेला नाही ना, ते पाहावे.

एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर लुकलुकतात, कारण मूळ फ्लॅशर दहा-दहा वॅटच्या बल्बांसाठी असतो. तिथे तापणारे रेझिस्टर जोडण्यापेक्षा एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्यावा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेल्या एलईडी बल्बविषयी माझे मत फारसे चांगले नाही, कारण त्याचा उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो. चोर्ला घाटात रात्री वळणावर अशी गाडी समोर आली की हे पटते.

राहिली काळी टेप. उन्हात तिचा गोंद पाघळतो, पावसात ती सुटते आणि मधल्या काळात वायर आतून हिरवी होते, म्हणून मी जोड सोल्डर करून त्यावर गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी चढवतो, आणि कपलर उघडले की आत पाणी अडवणारे थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरल्याशिवाय बंद करत नाही. सर्व्हिस स्टेशनवर गाडी धुवायला दिली तर प्रेशरचा फवारा हँडलवरच्या स्विचांवर आणि कपलरांवर मारू नका, असे मी आधीच सांगतो आणि धुणे संपेपर्यंत तिथेच उभा राहतो.