एकाच कॉन्टॅक्टमध्ये अख्खी भजनाची साथ: रीपरमध्ये मल्टी कसं लावायचं

घरच्या संगणकावर अभंगाची साथ तयार करायला बसलं की लवकरच प्रश्न पडतो: पखवाज, टाळ, पेटी, तानपुरा आणि बासरी यांच्यासाठी कॉन्टॅक्ट (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा प्लगइन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत उघडणारा प्रोग्राम) पाच वेळा उघडायचा, की एकदाच उघडून पाचही वाद्यं त्यातच भरायची, म्हणजेच मल्टी? भजनी गायकांना सरावाचे आणि कार्यक्रमाचे ट्रॅक करून देणं हे माझं काम, त्यामुळे दोन्ही पद्धती रोजच्या वापरातल्या आहेत. खाली लिहिलंय ते रीपर (रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) आणि कॉन्टॅक्ट या जोडीबद्दल. रीपर 60 दिवस फुकट वापरून बघता येतो, तेवढ्यात हे सगळं शिकून होतं. कॉन्टॅक्ट प्लेअरही मोफत आहे, पण पूर्ण कॉन्टॅक्टसाठी बनवलेली लायब्ररी (वाद्याच्या आवाजांचा संच) त्यात 15 मिनिटंच वाजते. वाद्यं विकत घेण्याआधी तेवढं तपासा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वाजवलेले स्वर प्लगइनमध्ये जातात मिडी चॅनेलवरून (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणता स्वर किती जोरात वाजवायचा हे सांगणारे संदेश), आणि तयार झालेला आवाज बाहेर येतो ऑडिओ आउटपुटवरून. हे दोन रस्ते एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तिसऱ्या चॅनेलवर पेटी लावली म्हणून तिचा आवाज आपोआप तिसऱ्या आउटपुटला येत नाही. सांगितलं नाही तर पाचही वाद्यं पहिल्याच स्टिरिओ जोडीतून एकत्र बाहेर पडतात. मग फक्त पखवाज वाढवायचा म्हटलं तरी हात बांधलेले.

आत जाण्याचा रस्ता सोपा. मिडी 1983 सालचं, आणि एका केबलवर 16 चॅनेल ही त्याची मांडणी आजही तशीच आहे. कॉन्टॅक्टमध्ये वाद्य उघडलं की त्याच्या पट्टीवर ए 1, ए 2 असा चॅनेल दिसतो. तिथे ‘ओम्नी’ (सगळे चॅनेल) दिसलं तर बदला, नाहीतर कुठलीही पट्टी दाबली तरी ते वाद्य वाजत राहील. रीपरमध्ये प्रत्येक वाद्यासाठी एक रिकामा ट्रॅक घ्या, त्याच्या राउटिंगमधून (जोडणीच्या खिडकीतून) कॉन्टॅक्टच्या ट्रॅकला सेंड (एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाणारी वाट) द्या, सेंडमधला ऑडिओ ‘नन’ करा आणि मिडी ‘ऑल’कडून 1, 2, 3 असा ज्या-त्या चॅनेलला वळवा. कीबोर्ड कायम पहिल्याच चॅनेलवर पाठवत असला तरी चालतं, कारण वळवण्याचं काम सेंड करतो.

चॅनेल वेगळे का हवेत, हे बासरी वाजवली की लगेच कळतं. पिच बेंड हा संदेश एका स्वरासाठी नसतो, अख्ख्या चॅनेलसाठी असतो. बासरी आणि पेटी एकाच चॅनेलवर असतील आणि तुम्ही बासरीला मींड घेतलीत, तर पेटीही तिच्याबरोबर सरकते. पेटीला मींड! ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी बेसूर आहे हे पहिल्या ओळीलाच कळेल. सस्टेन पेडलचंही तेच: तानपुऱ्यासाठी पाय दाबलात की त्याच चॅनेलवरची बाकीची वाद्यंही लांबत बसतात.

आता बाहेरचा रस्ता. कॉन्टॅक्टमधली आउटपुटची पट्टी उघडून पाच स्टिरिओ आउटपुट बनवा. ही मांडणी डिफॉल्ट म्हणून जतन करून प्लगइन काढून पुन्हा टाकावा, म्हणजे रीपरला नवे आउटपुट नीट दिसतात. काढताना भरलेली वाद्यं जातात, म्हणून ती पुन्हा भरा, चॅनेल लावा आणि प्रत्येकाला एकेक आउटपुट नेमून द्या. मग कॉन्टॅक्टच्या ट्रॅकचे चॅनेल दोनाचे दहा करा आणि पाच नव्या ट्रॅकना सेंड द्या: 1/2, 3/4, 5/6 असे. यातले मिडीचे सेंड बंद ठेवा. एफएक्स खिडकीच्या मेनूत हे राउटिंग आपोआप उभं करणारी आज्ञा आहे, पण पहिल्यांदा हातानेच करा. बिघडल्यावर कुठे बघायचं ते त्यातूनच समजतं.

इथे दोन खाचा आहेत. कॉन्टॅक्टच्या मूळ ट्रॅकचा मास्टर सेंड (सगळं एकत्र होतं त्या शेवटच्या मास्टर ट्रॅककडे जाणारी वाट) चालू राहिला, तर 1/2 वरचं वाद्य दोन वाटांनी मास्टरला पोहोचतं आणि साधारण 6 डेसिबलने मोठं होतं. पखवाज उगाच अंगावर येतोय असं वाटलं तर फेडरला हात लावण्याआधी हे बघा. दुसरी खाच जास्त छळते. ज्या ट्रॅकवरून मिडी पाठवता, त्याच ट्रॅकवर आवाज परत घ्यायला गेलात तर ते चक्र होतं, आणि फीडबॅक राउटिंग मुद्दाम चालू केल्याशिवाय रीपर ते होऊ देत नाही. चालूही करू नका. मिडीचे पाच, कॉन्टॅक्टचा एक, आवाजाचे पाच, असे 11 ट्रॅक होतात, होऊ द्यात. मिडीवाले एका फोल्डरमध्ये, आवाजवाले दुसऱ्यात. आवाजवाले कॉन्टॅक्टच्याच ट्रॅकखाली फोल्डर करून ठेवले तर तेच चक्र मागच्या दाराने तयार होतं, कारण फोल्डरमधले ट्रॅक आपला आवाज वरच्या ट्रॅकला देतात.

वेगळे ट्रॅक ठेवल्याचा खरा फायदा पट्टी बदलताना होतो. बुवांनी काळी पाच सांगितली म्हणून सगळं वाजवून ठेवावं, आणि आदल्या दिवशी निरोप यावा: घसा बसलाय, काळी चार करा. म्हणजे दोन सेमीटोन खाली. पेटी, बासरी आणि तानपुऱ्याच्या मिडी ट्रॅकवर जेएस विभागातला (रीपरसोबत येणाऱ्या छोट्या प्लगइनमधला) मिडी ट्रान्सपोज टाकायचा, उणे दोन द्यायचे, झालं. पखवाजाला मात्र हे करायचं नाही. बहुतेक तालवाद्यांच्या लायब्ररीत कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल असतो; स्वर दोन घरं सरकवले की ‘धा’च्या जागी भलताच बोल येतो किंवा काहीच वाजत नाही. पखवाजाचा सूर कॉन्टॅक्टमधल्या ट्यूनच्या बटणानेच उतरवायचा. टाळाला कशालाच हात लावायचा नाही.

मग नेहमी मल्टीच वापरावं का? मी आता वापरत नाही. ही पद्धत आली त्या काळात एका सिंथमध्येच 16 वाद्यं बसवावी लागत; रोलँडचं 1991 चं साउंड कॅनव्हास असंच 16 भागांचं होतं. पुढे 32 बिटच्या संगणकांवरही मेमरी पुरवून वापरावी लागे. आज तशी अडचण राहिलेली नाही. उलट सगळी वाद्यं एकाच प्लगइनमध्ये कोंबली की रीपरला तो भार प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर वाटता येत नाही. वेगळे कॉन्टॅक्ट असले तर येतो. शिवाय एकट्या बासरीचा ट्रॅक फ्रीझ करून (तिचा आवाज ऑडिओ म्हणून पक्का करून) मोकळं होता येतं. म्हणून माझी विभागणी अशी: पखवाज, टाळ, चिपळ्या असा ताल-समूह एका मल्टीमध्ये, कारण तो गाण्यागणिक फारसा बदलत नाही, स्वरवाद्यं स्वतंत्र ट्रॅकवर, प्रत्येकाला आपला कॉन्टॅक्ट. शिकताना मात्र एकदा पाचही वाद्यांचा मल्टी उभा कराच, कारण कुणी पाठवलेला जुना प्रोजेक्ट उघडला की आत हेच सापडतं.

वाजवताना ऑडिओ सेटिंगमधला बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने तयार करतो तो आकडा) 128 ठेवा. 44,100 हर्ट्झला तो सुमारे 3 मिलिसेकंदांचा होतो आणि बोल हाताखाली वाजल्यासारखा वाटतो. मिक्स करताना 1024 करा, म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंद. तेव्हा वाजवायचं नसतं, त्यामुळे उशीर जाणवत नाही आणि संगणक धापा टाकत नाही. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (साउंड कार्डशी थेट बोलणारा) नसेल तर हे आकडे कागदावरच राहतात.

मांडणी जमली की 11 ही ट्रॅक निवडून ट्रॅक टेम्प्लेट म्हणून जतन करा. आणि काम दुसऱ्याकडे मिक्सला जाणार असेल तर मिडी पाठवून भागत नाही, कारण समोरच्याकडे तीच लायब्ररी असेलच असं नाही. आवाजाचे पाचही ट्रॅक एकाच बिंदूपासून वेगवेगळ्या वेव्ह फाइल म्हणून रेंडर करा, रिव्हर्ब काढून, आणि फाइलच्या नावात वाद्य, पट्टी आणि लय लिहा: ‘पखवाज काळी चार 84’ एवढं पुरतं.