आळीचं जुनं नाव खरेदीखतात कसं शोधायचं

गावात प्लॉटिंग आलं की आधी कमान उभी राहते, मग बोर्ड लागतो, आणि चार वर्षांत पोरं पत्ता सांगताना 'साईनगर' म्हणायला लागतात. त्या जागेला आधी काय म्हणत, ते कागदावर असतं. आमच्या मुळशीकडच्या गावात मी हेच शोधत असते. तुम्हालाही आपल्या गावाचं करायचं असेल तर असं करा.

सुरुवात म्हाताऱ्या बायांपासून. माहेरवाशिणीला आळीचं नाव सवयीचं असतं, सून होऊन आलेलीने ते शिकून घेतलेलं असतं. "नाव असं का पडलं?" असं विचारू नका, लोक गोष्ट रचून सांगतात. "लग्न होऊन आलात तेव्हा पाण्याला कोणत्या वाटेनं जायचात, वाटेत कुणाकुणाची घरं लागायची?" असं विचारा.

मग सातबारा. त्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. ऑनलाइन उताऱ्यावर तो पुष्कळदा कोरा दिसतो, म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल काढा. बांबूचा माळ, चिंचेचं, देवाचं टेक अशी नावं तिथे सापडतात. उताऱ्यावर वर्तुळात फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात, ते धरून एकेक करत मागे जा. खरेदी, वारस, वाटप, मुदत खरेदी (पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याच्या अटीची विक्री), सगळं त्यात येतं. कुळकायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस, 1 एप्रिल 1957 चा. त्यानंतरचे फेरफार सावकाश वाचा, कारण जमीन खरोखर कोण कसत होतं ते तिथे उघड होतं.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. 1947 च्या कायद्याखाली ज्या गावांत जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्याचा मेळ घालायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे 9(3), 9(4) चे उतारे घ्या. ते न घेता पुढे गेलात तर दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास आपल्या आळीला चिकटवाल.

खरा खजिना खरेदीखतात, आणि त्यातही चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्या वर्णनात. दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवतात त्या कार्यालयात, सूची क्रमांक 2 या नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत गाव आणि नाव पाहून दस्ताचा नंबर काढा, मग नक्कल मागा. किंमत, भरणा, अटी सोडून थेट चतुःसीमेवर या. माझ्या हाती आलेल्या एका दस्तात लिहिलं होतं: "पूर्वेस तेल्याच्या घाण्याची वाट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस देवस्थान इनाम, उत्तरेस विकणार यांची उर्वरित जमीन." घाणा कधीच बंद पडला, पण वाट आणि देवस्थानाची जमीन कुठे होती, हे त्या चार ओळींनी पक्कं केलं. शेजारच्या दस्तांच्या चतुःसीमा मिळवा आणि गट नकाशावर पेन्सिलीनं जोडत जा. फार जुना दस्त मोडीत असेल तर मोडी जाणकाराला गाठा, अंदाजानं वाचू नका.

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. तिथे सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंद.

जातीवरून पडलेल्या वस्त्यांच्या नावांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं ती बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं, ते योग्यच झालं. बोर्डावर आणि पत्त्यात नवं नावच लिहा. जुनं नाव वहीत दस्ताच्या नंबरासह ठेवा, कारण तिथल्या कुटुंबांची वतनी (गावच्या सेवेपोटी मिळालेली) जमीन कुणाकडे कशी गेली हे शोधायचं तर तोच धागा हाती लागतो.

नव्या लेआउटमधल्या रस्त्यांना नावं देण्याचा विषय ग्रामसभेपुढे येईल तेव्हा आपला अर्ज तयार ठेवा. गट नंबर, सुचवलेलं नाव आणि चतुःसीमेच्या पानाची नक्कल जोडा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.