स्टॉप मोशनमधील लुकलुक टाळताना
सदाशिव पेठेतल्या खोलीत खिडकीशी टेबल मांडून केलेल्या माझ्या पहिल्या स्टॉप मोशन चित्रीकरणात (बाहुली किंचित हलवत एकेक छायाचित्र घ्यायचे आणि ती सलग दाखवायची) मातीची बाहुली बरी चालली, पण तिच्यामागची भिंत मात्र सारखी उजळत आणि काळवंडत राहिली. सेकंदाला 12 छायाचित्रे धरली तरी दहा सेकंदांसाठी 120 लागतात, आणि ती घेईपर्यंत ऊन सरकलेले असते. पावसाळ्यात तर ढगांमुळे उजेडाचा काही नेमच नसतो. म्हणून खिडकी काळ्या कापडाने पूर्ण झाकून केवळ दिव्याच्या उजेडात काम करावे (एप्रिलमध्ये हे जिवावर येते, शिवाय मातीही मऊ पडते). मोबाइलमधील एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) लॉक करावेत, कारण बाहुलीचा हात नुसता वर गेला तरी स्वयंचलित कॅमेरा उजेड नव्याने मोजू शकतो. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा (सेकंदाला 50 आवर्तनांचा) असल्याने दिव्याचा उजेडही डोळ्याला न दिसता लुकलुकू शकतो; म्हणून शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) 1/50 सेकंद किंवा त्याहून संथ ठेवावे.

एवढे करूनही माझ्या चित्रांत फरक येत होता. शोधता शोधता लक्षात आले की, टेबलावर वाकताना माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा उजेड बाहुलीच्या गालावर पडत होता. तेव्हापासून मी गडद कपडे घालतो आणि दर वेळी ठरलेल्या जागी मागे सरकून ब्लूटूथ रिमोटने छायाचित्र घेतो.