कॅनडाचा स्पाउसल अर्ज रखडला असेल तर काय करावं

‘व्हिसाचं काय झालं?’ हा प्रश्न ब्रॅम्प्टनमधल्या नवऱ्याला आणि नाशिकमधल्या बायकोला सारखाच नकोसा झालेला असतो. लग्न होऊन वर्ष उलटलेलं, अर्ज केलेला, फी भरलेली आणि पोर्टलवर महिनोन्‌महिने तीच एक ओळ. अशा वेळी माणूस दिसेल त्या दारावर धडका मारतो. रोज एक वेबफॉर्म, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरचा चौकशीचा फॉर्म, पाठवतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर इतरांच्या तारखा बघून झोप घालवतो, नाहीतर ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊन बसतो.

माझं म्हणणं साधं आहे. उशीर दोन प्रकारचा असतो. एक रांगेतला, दुसरा फाइलमधला. रांगेतल्या उशिरावर तुमच्या हातात फारसं काही नसतं. फाइलमधला उशीर मात्र बऱ्याचदा तुमच्याच हातून सुटू शकतो. म्हणून आधी आपला उशीर कुठला ते ओळखायचं आणि मगच हातपाय हलवायचे.

हा लेख कॅनडाचे नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, असलेल्यांनी भारतातल्या जोडीदारासाठी केलेल्या फॅमिली क्लास अर्जाबद्दल आहे. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असलेल्यांच्या जोडीदाराचं प्रकरण वेगळं, त्याचे नियमही वेगळे.

पायरी १ : खरंच उशीर झालाय का, ते ठरवा

दिवस मोजायचे ते पूर्ण अर्ज खात्याकडे पोचल्यापासून. अर्ज पूर्ण असल्याची तपासणी होऊन एओआर, म्हणजे पोचपत्र, मिळतं. अर्जात सही राहिली, एखादा फॉर्म जुन्या आवृत्तीचा निघाला, तर अख्खा अर्ज परत येतो आणि रांगेतली जागा जाते. एओआर हातात असेल तर त्यावरचा फाइल नंबर आणि जोडीदाराचा यूसीआय नंबर, म्हणजे खात्याने त्या व्यक्तीला दिलेला क्रमांक, लगेच एका जागी लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतात.

मग आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावर आपल्या प्रकारचा प्रक्रियाकाळ पाहा. तिथे दिसणारा आकडा म्हणजे मुदतीची हमी नव्हे. साधारण किती काळ लागेल, याचा तो अंदाज असतो. त्यापेक्षा जास्त वेळ लागला तरी फाइलमध्ये गडबड आहे असं लगेच समजायचं कारण नाही.

रांग लांबण्याची कारणं तुमच्या फाइलच्या बाहेरची असतात. कॅनडा सरकार दरवर्षी किती जणांना पीआर द्यायचा याचं लक्ष्य ठरवतं. पती-पत्नी आणि मुलं या गटाचं २०२४ चं लक्ष्य ८२,००० होतं, २०२५ साठी ते ७०,००० वर आणलं गेलं. जागा कमी, अर्ज तेवढेच, म्हणजे रांग लांबणारच. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत-कॅनडा तणावात ४१ कॅनेडियन राजनैतिक अधिकाऱ्यांना भारत सोडावा लागला. आयआरसीसीचे भारतातले कॅनेडियन कर्मचारी २७ वरून ५ वर आले आणि मुंबईसह तीन वाणिज्य दूतावासांतली प्रत्यक्ष सेवा थांबली. त्या वेळी ज्यांची फाइल मध्यावर होती, त्यांनी कितीही फोन केले असते तरी उपयोग नव्हता.

क्वेबेकमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: त्यांना प्रांताची वेगळी मंजुरी लागते आणि जून २०२४ पासून प्रांताने अशा अर्जांवर मर्यादा घातली. माँट्रियलवाल्याने टोरंटोवाल्या मित्राच्या तारखांशी तुलना करू नये.

पायरी २ : फाइल नेमकी कुठे आहे, ते बघा

ऑनलाइन ट्रॅकरवर टप्पे दिसतात: प्रायोजकाची, म्हणजे कॅनडातल्या जोडीदाराची, पात्रता, अर्जदाराची पात्रता, बायोमेट्रिक्स, वैद्यकीय तपासणी, पार्श्वभूमी तपासणी. पण ट्रॅकर फार कमी बोलतो. खरं चित्र जीसीएमएस नोट्समध्ये असतं. जीसीएमएस ही खात्याची आतली संगणक प्रणाली. अधिकारी तुमच्या फाइलवर जे शेरे मारतात, ते तिथे असतात आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ॲक्सेस टू इन्फर्मेशन, म्हणजे तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज केला तर ५ डॉलर फी पडते. कॅनडातला जोडीदार हा अर्ज करू शकतो, फक्त भारतातल्या जोडीदाराच्या सहीचा संमतीचा फॉर्म, आयएमएम ५७४४, सोबत लागतो. प्रायव्हसी ॲक्टखालची विनंती फुकट असते आणि २०२२ पासून ती भारतात बसलेल्या अर्जदारालाही करता येते. उत्तराची कायद्यातली मुदत ३० दिवसांची आहे, पण ती वाढवून घेतली जाते, तेव्हा थोडं थांबायची तयारी ठेवा.

नोट्स आल्या की चार गोष्टींपुढे काय लिहिलंय ते शोधा: पात्रता, वैद्यकीय, गुन्हेगारी, सुरक्षा. तीन पूर्ण आणि सुरक्षा ‘चालू’ असेल, तर फाइल दुसऱ्या यंत्रणांच्या टेबलावर आहे. अशा वेळी लग्नाचे नवीन फोटो पाठवून काहीही साधत नाही. पात्रतेपुढे शंका नोंदलेली असेल, तर तिथे मात्र कागद चालतात. चारही पूर्ण आणि तरी हालचाल नाही, तर अडथळा कोट्याचा किंवा निव्वळ टेबलावर पडून राहिल्याचा.

काही ओळी काळ्या केलेल्या असतील. त्यात आपल्याविरुद्ध काहीतरी भयंकर दडलंय, असं मनाशी ठरवू नका.

पायरी ३ : मराठी घरांतल्या फाइली जिथे अडतात

नावापासून सुरू करू, कारण आपल्याकडे हा घोळ मोठा आहे. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर मधलं नाव गायब, आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं. आपल्याला हे इतकं सवयीचं की फॉर्म भरताना लक्षातही येत नाही. ओटावातल्या अधिकाऱ्याला मात्र ही दोन-तीन वेगळी माणसं वाटू शकतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सगळ्या फॉर्ममध्ये लिहा. बाकीची सगळी रूपं ‘इतर नावे’ या रकान्यात एकूण एक भरा आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत लावा. आणि कृपा करून फाइल चालू असताना हौसेने सासरच्या नावाचा नवा पासपोर्ट काढू नका. मुदत संपत आली म्हणून काढावाच लागला, तर जुन्याच नावाने काढा आणि नवा नंबर वेबफॉर्मने लगेच कळवा.

दुसरा अडसर पीसीसीचा, म्हणजे पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचा. भारतीय पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं. लग्नानंतर मुलगी सासरी राहायला येते, पासपोर्टवर पत्ता माहेरचा आणि अर्ज भलत्याच पासपोर्ट कार्यालयाकडे, अशी गल्लत वारंवार होते. सध्या जिथे राहणं आहे तोच पत्ता द्या, त्याचा पुरावा आधी तयार ठेवा आणि पोलीस ठाण्यातून फोन आला की टाळू नका. सध्याच्या देशाचं पीसीसी अर्ज करताना सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. वयाच्या अठराव्या वर्षानंतर दुबई, सिंगापूर, कुठेही सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तर तिथलंही मागू शकतात. कंपनीने ऑनसाइट कामासाठी परदेशी पाठवलेला काळ यात धरायला लोक हमखास विसरतात.

तिसरं, आयएमएम ५६६९ या फॉर्ममधली रिकामी वर्षं. मागच्या दहा वर्षांचा महिन्यागणिक हिशेब तिथे मागतात. एमपीएससीचा अभ्यास केला ती दोन वर्षं, साखरपुडा ते लग्न घरी बसली ते सहा महिने, सगळं लिहायचं. ‘बेरोजगार’ किंवा ‘घरी अभ्यास’ लिहिण्यात कमीपणा नाही. मोकळी जागा सोडली की मात्र पत्र येतं आणि दोन महिने जातात.

वैद्यकीय तपासणी खात्याने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते आणि तिचा निकाल १२ महिने ग्राह्य धरतात. फाइल लांबली तर पुन्हा करायला सांगू शकतात. खर्च आहे, चिडचिड होते, पण पत्र येताच उरकून टाका.

आता मुख्य गोष्ट, नात्याचा पुरावा. ठरवून केलेलं लग्न कॅनडाच्या अधिकाऱ्यांना नवीन नाही. त्यांना खटकते ती विसंगती. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आला, पहिल्या आठवड्यात पाहणं, दुसऱ्यात साखरपुडा, तिसऱ्यात लग्न. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. पण हे फॉर्ममध्ये नुसत्या तारखा म्हणून आलं की संशयास्पद दिसतं. आयएमएम ५५३२ मध्ये विचारतात: ओळख कोणी करून दिली, भेट कधी झाली, साखरपुडा झाला का, लग्नाला कोण कोण होतं. तिथे ‘कुटुंबीयांनी ठरवलं’ एवढंच लिहून सोडू नका. स्थळ कोणी सुचवलं, विवाहसंस्थेतून की नात्यातून, पाहण्याच्या कार्यक्रमाआधी किती दिवस फोनवर बोलणं चाललं होतं, एवढ्या घाईत लग्न का केलं, हे सगळं सविस्तर लिहा. घाई रजेमुळे झाली असेल तर रजेचं पत्र आणि विमानाचं तिकीट जोडा.

फोटो निवडताना स्टेजवरचे पन्नास फोटो नकोत. केळवणाचा एक, हळदीचा एक, सप्तपदीचा एक, दोन्हीकडचे आईवडील एकत्र असलेला एक आणि लग्नानंतर एकमेकांना भेटायला गेलात तेव्हाचे काही. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण आहे ते. चॅटचे तीनशे पानी प्रिंटआउट कोणी वाचत नाही. दर महिन्याची दोन-तीन पानं पुरतात. विम्यावर किंवा पीएफवर जोडीदाराचं नॉमिनेशन केलं असेल तर तो कागद छोटा असला तरी वजनदार आहे.

विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ‘ई’, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर अनुवादकाच्या प्रतिज्ञापत्रासह द्या. घरातल्या कोणी केलेलं भाषांतर चालत नाही, चुलतबहीण इंग्रजीची प्राध्यापक असली तरी. व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न कॅनडा मानत नाही. दोघंही विधीला प्रत्यक्ष हजर हवेत.

पायरी ४ : वेबफॉर्म लिहा, पण नीट

नोट्समध्ये काही त्रुटी दिसली, कागदाची मुदत संपली किंवा जाहीर प्रक्रियाकाळ उलटून गेला, तरच वेबफॉर्म पाठवा. त्यात फाइल नंबर, यूसीआय, एओआरची तारीख, कुठला टप्पा किती महिन्यांपासून थांबलाय आणि एक स्पष्ट प्रश्न किंवा विनंती, एवढंच. सासूबाईंची तब्येत, आपली घालमेल हे मनात कितीही दाटून आलं तरी चार ओळींपुढे जाऊ नका. खरंच तातडीचं वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. पाठवलेल्या प्रत्येक वेबफॉर्मची प्रत तारखेसह जपा, पुढच्या पायरीला तीच कामी येते.

एक बाब कधीही लपवू नका. फाइल चालू असताना बाळ झालं, तर ताबडतोब कळवा, ते सोबत कॅनडाला येणार नसलं तरी. न कळवलेल्या मुलाला पुढे फॅमिली क्लासमधून आणण्याचा रस्ता सहसा बंद होतो आणि तो नियम कडक आहे.

पायरी ५ : खासदारांचं कार्यालय

कॅनडातल्या जोडीदाराने आपल्या मतदारसंघातल्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात जावं. पीआर असलात, मत देता येत नसलं, तरी हरकत नाही. तिथे इमिग्रेशनची प्रकरणं बघणारा कर्मचारी असतो, तो संमतीपत्र भरून घेतो आणि खात्याच्या खासदारांसाठीच्या कक्षाकडे विचारणा करतो. याला पैसे पडत नाहीत. ओळख, वशिला यांची गरज नसते. खासदार निर्णय बदलू शकत नाहीत, पण फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते समजतं आणि कधी कधी विचारणेनेच ती पुढे सरकते. इथे जाण्याआधी नोट्स हाताशी असाव्यात, नाहीतर ट्रॅकरवर दिसतं तेच उत्तर परत मिळतं.

पायरी ६ : मॅंडॅमस

सगळं करूनही अवाजवी काळ गेला असेल, तर फेडरल कोर्टात मॅंडॅमसची, म्हणजे खात्याला निर्णय घ्यायला लावणाऱ्या आदेशाची, मागणी करता येते. १९९८ च्या कॉनिल खटल्यापासून कोर्ट तीन गोष्टी तपासतं: प्रक्रियेला लागावा त्यापेक्षा जास्त वेळ गेला का, त्याला अर्जदार जबाबदार आहे का, आणि खात्याने समाधानकारक कारण दिलं का. कोर्टाची फी ५० डॉलर आहे, खरा खर्च वकिलाचा, तो हजारोंच्या घरात जातो. हे काम वकिलाचंच, कोर्टात इमिग्रेशन कन्सल्टंट चालत नाही. आधी वकील मागणीपत्र पाठवतो आणि कित्येकदा सुनावणीपर्यंत न जाताच फाइल हलते. कोर्ट ‘निर्णय घ्या’ एवढंच सांगू शकतं, ‘मंजूर करा’ असं नाही. फाइल कच्ची असताना ही घाई केली तर नकारच लवकर पदरात पडतो.

कन्सल्टंट नेमायचा तर त्याचं नाव सीआयसीसी या नियामक संस्थेच्या यादीत आहे का, ते स्वतः तपासा. ‘मुंबई ऑफिसमध्ये आपला माणूस आहे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

थांबण्याच्या काळात

व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करता येतो. पीआरची फाइल चालू असणं हे आपोआप नकाराचं कारण नाही, तात्पुरतं आणि कायमचं राहण्याचा हेतू एकत्र असू शकतो, हे कॅनडाच्या कायद्यातच मान्य केलंय. मे २०२३ मध्ये सरकारने स्पाउसल अर्जदारांचे व्हिजिटर व्हिसा लवकर निकाली काढण्याची घोषणाही केली होती. तरी नकार येतात. पीआरच्या अर्जाचा उल्लेख लपवला तर ते चुकीची माहिती देणं ठरतं आणि मग मूळ अर्जच धोक्यात येतो. परतण्याची कारणं, नोकरीची रजा, परतीचं तिकीट व्यवस्थित जोडा.

ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज बघा. जादा कागद मागणारं किंवा शंका विचारणारं पत्र आलं की त्यावर मुदत लिहिलेली असते. तेवढ्यात कागद होणार नसेल तर मुदतीच्या आत वाढ मागा, गप्प बसू नका.

आणि शेवटी पासपोर्ट मागणारं पत्र आलं की पासपोर्ट व्हीएफएसकडे, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्राकडे, पाठवा. परत आल्यावर सीओपीआरच्या, म्हणजे पीआर मंजुरीच्या, कागदावरचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव अक्षर न्‌ अक्षर तपासा, चूक असेल तर निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. त्यावरची अंतिम तारीख बहुधा वैद्यकीय तपासणी किंवा पासपोर्ट, यांपैकी जे आधी संपतं त्यावरून ठरलेली असते आणि ती सहसा वाढवून मिळत नाही. तिकीट काढताना धोंडे जेवण, दिवाळी, नणंदेचं लग्न यांच्याआधी ती तारीख बघा.